व्हिसा लागत नाही अशी जागा

नागपूरच्या विमानतळावर मला पोचवायला आलेल्या प्रत्येकानं काही ना काही विचारलं. आईनं विचारलं, पोचल्यावर फोन कुठून करशील. मावशीनं विचारलं, तिकडे तूरडाळ मिळते का. बाबांनी विचारलं, "डब्लिनहून उत्तर ध्रुव किती दूर आहे?"

१९९९ चा नोव्हेंबर होता. दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि आयर्लंडमधल्या एका मेडिकल डिव्हाइस कारखान्याचं नेमणुकीचं पत्र घेऊन मी उभी होते. रडायचं की चिडायचं, हे ठरेना. बाबांनी तोवर शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांनी ॲटलास बघून आकडे लिहून आणले होते. "नागपूर एकवीस अंशांवर, डब्लिन त्रेपन्नावर. म्हणजे अर्ध्याच्या जवळपास तर तू उद्याच पोचून जाशील," ते म्हणाले. आई म्हणाली, "अहो, पोरीला आशीर्वाद तरी द्या." त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जागेचं काय आहे बाई, जागा कुठं पळते. रस्ता नीट पाह्य."

तुम्ही जे तिकडे राहिलात, तुम्हाला हे विक्षिप्त वाटेल. जे माझ्यासारखे निघून आलात, त्यांना आपापले बाबा आठवतील. माझे असे होते आणि आहेत.

बाबा एका सरकारी वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनांचे फोरमन होते. नागपूरच्या उन्हाळ्यात, अठ्ठेचाळीस डिग्रीत, पत्र्याच्या शेडखाली ते ट्रकच्या पोटात शिरायचे आणि संध्याकाळी घरी येऊन बर्फाबद्दल वाचायचे. त्यांच्यापाशी नाडी बांधलेली एक तपकिरी फाइल होती. वर ठळक अक्षरात लिहिलेलं: 'बर्फावरची वाहने'. आत इंग्रजी-मराठी वर्तमानपत्रांची कात्रणं. ध्रुवावर काय आहे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. तिथं माणूस जातो कसा आणि गेल्यावर हिंडतो कसा, एवढंच त्यांना हवं असायचं. गोव्याहून जहाज निघतं, दक्षिणेच्या समुद्रात आठवडाभर सगळ्यांना ओकाऱ्या होतात, मग बर्फाची भिंत लागते, तिथून हेलिकॉप्टरनं सामान उतरवायचं, पुढे पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या, त्यांच्यामागे घसरगाड्यांची रांग. साधं डिझेल तिथे तुपासारखं थिजतं. "तिथं रस्ता नसते," ते आम्हाला जेवताना सांगायचे, "पुढच्या गाडीचा माग असते. माग सुटला की माणूस गेला."

ऐंशीच्या दशकात दक्षिण ध्रुवाकडच्या अशा एका सरकारी मोहिमेसाठी वाहनांच्या मेकॅनिकची गरज होती आणि बाबांनी अर्ज केला होता. निवडीचं पत्रसुद्धा आलं होतं. पण ते गेले नाहीत. का गेले नाहीत, ते आईनं मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं: "तू चौथीत होतीस, सारखी आजारी पडायचीस. तुझ्यासाठी थांबले ते." हे वाक्य मी पाठीवर घेऊन मोठी झाले. परीक्षेत मार्क कमी पडले की मला वाटायचं, ह्या पोरीपायी एका माणसाचं जहाज चुकलं आणि हिला त्रिकोणमिती येत नाही.

मी डब्लिनजवळच्या नास गावात राहायला लागले. कारखान्यात मी क्वालिटीला आहे. हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनतात तिथे, आणि त्या नळ्यांचे कागद तपासणं हे माझं काम. कोणी एक सही विसरला, एका चौकोनात खूण करायची राहिली, तर मी आख्खी बॅच थांबवते. लोक माझ्यावर वैतागतात, मागून 'युअर वन', म्हणजे 'ती बया', म्हणून माझा उल्लेख करतात आणि समोर 'ग्रँड', म्हणजे 'छान, छान', म्हणतात. मला इथे सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल तर ह्या ग्रँडची. पाऊस पडला, ग्रँड. बस आली नाही, ग्रँड. तुमचं अर्धं आयुष्य परवान्यांच्या रांगेत जातंय, अह, यू'ल बी ग्रँड. पुण्याचा अनिकेत मला इथेच भेटला, सॉफ्टवेअरमधला. लग्न झालं, इरा झाली. इराला मराठी सगळं कळतं आणि ती उत्तर देते ते इथल्या किल्डेअर परगण्याच्या इंग्रजी उच्चारात. अनिकेतनं तर आल्याच्या वर्षीच इथल्या लोकांसारखं कपाटाला 'प्रेस' म्हणायला सुरुवात केली.

आई २००४ मध्ये गेली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं, कारण मला आयर्लंडमधून बाहेर पडून परत यायचं तर पासपोर्टवर परतीचा शिक्का हवा होता, आणि तो घेण्यात दीड दिवस गेला. इथे राहणाऱ्या परक्याला प्रत्येक वेळी तो लागतो. बाबांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. दहाव्याला ते म्हणाले, "रस्ताच तसा आहे, तू काय करशील." मला वाटलं, त्यापेक्षा त्यांनी रागवायला हवं होतं.

त्यानंतर मी ठरवलं की बाबांना बर्फावर न्यायचंच. दक्षिण ध्रुव आपल्या आवाक्यातला नव्हता. पण नॉर्वेच्याही वर, अठ्ठ्याहत्तर अंशांवर, स्वालबार्ड नावाची बेटं आहेत. तिथे विमान जातं, हॉटेल आहे, लाँगइयरबेन नावाचं गाव आहे. आणि मी जे वाचलं त्यानं मी खुर्चीतून उठलेच: एका जुन्या करारामुळे स्वालबार्डला जायला जगातल्या कुठल्याही माणसाला व्हिसा लागत नाही. कुठल्याही! भारतीय पासपोर्टवर जिथे शेजारच्या बेलफास्टला जायचं तरी ब्रिटनचे कागद लागतात, तिथे पृथ्वीच्या टाळूवर एक जागा आपली वाट बघत दार उघडं ठेवून बसली होती. मी तडक नागपूरला फोन लावला. "बाबा, व्हिसाच लागत नाही!" बाबा म्हणाले, "काऊन लागत नाही?" फोरमन माणूस. जे यंत्र फार सहज सुरू होतं त्यावर त्यांचा विश्वास नाही.

२००६ च्या मे महिन्यात ते आले. नागपुरातल्या आमच्या त्रिमूर्तीनगरच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं त्यांना शाल आणि माकडटोपी देऊन निरोप दिला होता. बॅगेत फाइल होतीच. त्यांच्या आयर्लंडच्या व्हिसाचा फॉर्म मीच भरला होता. 'किती वेळा प्रवेश हवा' या प्रश्नासमोर दोन चौकोन होते, एकदा आणि अनेकदा. मी 'एकदा'वर खूण केली, क्षणभरही विचार न करता. आमच्या घरात हा धर्मच होता. रेशनचा अर्ज असो, गॅसचा असो की शाळेच्या फी-माफीचा, बाबा सांगायचे, "सरकारपाशी जेवढं लागते तेवढंच मागावं. जास्त मागितलं का त्याले संशय येते." म्हातारा माणूस एकदा येणार, एकदा जाणार, मग अनेकदा मागून साहेबाच्या भुवया कशाला उंचवायच्या? तुमच्यातल्या किती जणांनी हेच केलं असेल, मला माहीत आहे. आपण सगळे मागायला लाजणाऱ्यांच्या घरातले.

जुलैची तिकिटं काढली. डब्लिन ते ऑस्लो, तिथून ट्रॉम्सो, तिथून स्वालबार्ड. आता नॉर्वेत विमान बदलायचं, तर नॉर्वेपुरता युरोपचा व्हिसा हवा, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. त्याला मी किरकोळ बाब समजत होते. दोघांचे फॉर्म भरून आम्ही डब्लिनमधल्या नॉर्वेच्या वकिलातीत गेलो. बाबांनी सफारी सूट घातला होता. खिडकीतली बाई चांगली होती. हे मुद्दाम सांगते, कारण वाईट असती तर मला तिच्यावर ओरडता तरी आलं असतं.

तिनं आधी माझा फॉर्म घेतला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. "तुम्ही एकदाच प्रवेश मागितलाय. स्वालबार्ड आमच्या प्रवेशाच्या हद्दीबाहेर आहे. तिथे गेलात म्हणजे तुम्ही बाहेर पडलात. परत ऑस्लोला यायचं तर दुसऱ्यांदा प्रवेश लागेल." मी दिवसभर दुसऱ्यांच्या चौकोनांवर बोट ठेवणारी बाई. कानशिलं तापली. मी पेननं दुरुस्ती केली.

मग तिनं बाबांचा पासपोर्ट उघडला आणि तिचा चेहरा पडला. आयर्लंडमध्ये पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला इथून अर्ज करता येत नाही, तो त्याच्या राहत्या देशातूनच करायचा. आणि समजा, ती म्हणाली, कसाबसा मिळालाच, तरी ह्यांचा आयर्लंडचा व्हिसा एकदाचाच आहे आणि ते एकदा आलेले आहेत. बाहेर पडले तर परत येऊ शकणार नाहीत.

"पण तिथे व्हिसा लागतच नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"तिथे नाही लागत," ती म्हणाली. "वाटेत लागतो."

बाबांना इंग्रजी समजतं. ते उठले, त्या बाईला "थँक यू मॅडम" म्हणाले आणि बाहेर पायरीवर येऊन उभे राहिले. मी तिथेच सुरू झाले. नियमांवर, करारांवर, जग बनवणाऱ्यांवर, आणि त्या ओघात अनिकेतवरसुद्धा, जो बिचारा ऑफिसात होता. पर्याय मी धडाधड मांडले. तुम्ही नागपूरला परत जा, मुंबईतून अर्ज करा, ऑस्लोत भेटू. तारखा जुळत नव्हत्या. थेट ऑस्लोहून भारतात परत जा. पण ऑस्लोला जायचं कसं? प्रत्येक रस्ता फिरून त्याच खिडकीशी येत होता. बाबा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बसंल नाही हे गिअर. सोड आता."

"सोड म्हणू नका!" मी ओरडले. रस्त्यावरच्या एका माणसानं वळून पाहिलं. "एवढ्या वर्षांची फाइल आहे तुमची."

"तर मग तू जा," ते म्हणाले. "तुले तर भेटते ना व्हिसा. मी प्रश्न लिहून देतो."

जाण्याचा मला तिटकारा आला होता. तिकिटं परत होत नव्हती, पण तेवढ्यासाठी मी गेले नसते. मी गेले कारण बाबांनी रात्रीच्या जेवणाआधी प्रश्न लिहूनच ठेवले. चौदा प्रश्न, फुलस्केप कागदावर, समास सोडून. पट्ट्याची रुंदी किती? रबर की लोखंड? थंडीत इंजिन सुरू करण्यापूर्वी काय करतात? तेल कोणत्या नंबरचं? चौदावा प्रश्न असा: गावापासून लांब गाडी बंद पडली तर काय करतात? परतीच्या शिक्क्यासाठी मी पुन्हा डब्लिनला जाऊन रांगेत उभी राहिले. त्या रांगेत मी हा कागद इतक्या वेळा वाचला की पाठ झाला.

स्वालबार्डवर उतरले आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की बर्फ नाही. जुलैत गावातला बर्फ वितळलेला असतो. हे मला ठाऊक असायला हवं होतं, कुठेतरी वाचलंही होतं, पण डोक्यात फाइल होती. तपकिरी डोंगर, त्यांच्या उतारावर पांढऱ्या रेघा, कोळशाच्या जुन्या खाणीचे लाकडी खांब आणि वारा. सूर्य मावळत नव्हता. गावात आणि आसपास मिळून चाळीसेक किलोमीटरचा रस्ता, तो संपला की संपला. एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ताच नाही. हिवाळ्यात बर्फावर पट्ट्यानं चालणारी स्नोस्कूटर, उन्हाळ्यात बोट, नाहीतर पाय. आणि रस्ता संपतो तिथे अस्वलाचं चित्र असलेली पाटी. तिच्यापुढे बंदुकीशिवाय कोणी जात नाही. हॉटेलात शिरताना मात्र सगळे दाराशी बूट काढतात, खाणकामगारांच्या काळापासूनची पद्धत. मोज्यांवर काउंटरशी उभं राहताना मला उगाचच आमच्या घराचा पुढचा दरवाजा दिसला, आणि डोळ्यांत पाणी आलं. मी रागानंच पुसलं.

स्नोस्कूटर होत्या, शेकड्यांनी. पण सगळ्या रस्त्याच्या कडेला खडीवर उभ्या, ताडपत्र्या घालून. एक माणूस आयुष्यभर ज्या यंत्रांची चित्रं कापत बसला, ती त्याच्या मुलीसमोर झोपा काढत होती. मी एकीची ताडपत्री उचलली. मोजपट्टी आणायचं विसरले होते. खडीवर गुडघे टेकले, मग आडवी झाले, हात आत घातला आणि पट्टा वितीनं मोजला. दोन विती आणि चार बोटं.

"काही पडलं का तुमचं?" मागून इंग्रजीत आवाज आला.

साठीची एक बाई उभी होती, अंगात ग्रीसनं माखलेला ओव्हरऑल. तिचं नाव बेरित, आणि शेजारचं स्कूटर दुरुस्तीचं शेड तिचं होतं. मी उठले, कपडे झटकले आणि जे सांगायचं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं. वडील, फाइल, जहाज, खिडकी, चौकोन. ती म्हणाली, "प्रश्न दाखवा." कागद मराठीत होता, म्हणून मी वाचत गेले आणि ती उत्तरं देत गेली. पट्टा रबराचा. थंडीत इंजिनाला आधी ऊब द्यायची. तेलाचा डबाच तिनं मला उचलून दाखवला. एका स्कूटरचं झाकण उघडून तिनं माझा हात धरून पुलीवर ठेवला. "वडिलांना सांगा, हा बेल्ट आधी तुटतो. नेहमी हाच."

चौदाव्या प्रश्नावर ती हसली. "बंद पडली तर दुसरीवर बसायचं. इथे एका स्कूटरनं कोणी लांब जातच नाही. कमीत कमी दोन."

मी हॉटेलातून नासला फोन केला. मागून इराचा आवाज आला, "आजोबा, इज इट द बेअर्स?" बाबा म्हणाले, "थांब, लिहून घेऊ दे." मी सांगत गेले, पलीकडे पेनचा आवाज येत होता. "दोन विती चार बोटं तुझ्या की माझ्या?" त्यांनी विचारलं. मला हसू आलं आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की मी फोन लवकर ठेवला. तिथे त्यांनी असायला हवं होतं. त्या शेडमध्ये ते दोन दिवस निघाले नसते.

परत आले त्या रविवारी बाबांना कुठेतरी न्यायचं म्हणून अथायला नेलं. नासच्या दक्षिणेला छोटं गाव आहे, तिथल्या संग्रहालयात दक्षिण ध्रुवावरच्या जुन्या मोहिमांच्या वस्तू ठेवल्यात, कारण तसला एक दर्यावर्दी ह्याच भागात जन्मला. एक लाकडी घसरगाडी होती आणि ती ओढताना माणसं छातीला बांधत तो पट्टा. बाबा त्यापुढे बराच वेळ वाकून उभे राहिले. इरा खिडकीपाशी खेळत होती, अनिकेत तिच्यामागे.

"माणसंच ओढत होती," बाबा म्हणाले. "इंजिन बंद पडाचा प्रश्नच नाही."

मला राहवलं नाही. "बाबा, मी आजारी नसते तर तुम्ही गेला असता."

त्यांनी वळून पाहिलं. "तू कायले? तुले कोणी सांगितलं?"

"आईनं. मी चौथीत होते."

"अवं माय," ते म्हणाले. ते कडेच्या बाकावर बसले. "तुझं काही नव्हतं त्यात. साहेबाची परवानगी लागत होती. मी अर्ज दिला. साहेब म्हणाला, माणसं कमी आहेत, जमत नाही. मी 'बरं' म्हणून परत आलो. पुढच्या वर्षी पुन्हा माणसं पाहिजे होती त्यायले. मी दुसऱ्यांदा अर्जच नाही केला."

"का?"

"एकदा मागितलं होतं ना."

एवढंच. चोवीस वर्षं मी ज्याचं ओझं वाहिलं ते माझं नव्हतंच. मला हलकं वाटायला हवं होतं, पण मी संतापले. आईवर, साहेबावर, आणि सगळ्यात जास्त ह्या सज्जन, आज्ञाधारक, एकदाच मागणाऱ्या माणसावर. त्या शांत संग्रहालयात मी दबक्या आवाजात त्यांच्याशी भांडले. "पुन्हा विचारायचं होतं! तिसऱ्यांदा विचारायचं होतं! काय झालं असतं, नाही म्हणाला असता!" बाबा ऐकत राहिले. म्हणाले, "हो, तेवढंच झालं असतं." ऑगस्टमध्ये ते परत गेले.

आता २००७. मी दोन वर्षांपूर्वी नागरिकत्वाचा अर्ज केला होता, तो ह्या सप्टेंबरात मंजूर झाला. नासच्या कोर्टात, एका दारुड्याच्या आणि एका विनापरवाना कुत्र्याच्या खटल्यांच्या मधे, मी हात वर करून आयर्लंडशी निष्ठा सांगितली. जज्ज म्हणाले, "ग्रँड." तांबड्या रंगाचा पासपोर्ट आला. त्यावर मी उद्या सकाळी उठून ऑस्लोला जाऊ शकते, स्वालबार्डला जाऊ शकते, परत येऊ शकते, मला कोणी काही विचारणार नाही. जुना निळा पासपोर्ट भारताच्या वकिलातीनं कोपरा कापून परत दिला. दोन्ही ठेवता येत नाहीत. आणि त्याच खिडकीवर मी नागपूरला जाण्यासाठी व्हिसाचा फॉर्म भरला.

भेटीचा उद्देश. भारतातला पत्ता. ओळखीच्या व्यक्तीचं नाव. मी बाबांचं नाव लिहिलं आणि नात्यापुढे 'वडील' लिहिताना मला असं वाटलं की कोणीतरी माझी थट्टा करतंय. ज्या जागेसाठी आम्ही हयातभर तळमळलो तिथे जायला आता काही लागत नाही, आणि ज्या घरातून निघाले तिथे जायला अर्ज. डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं. सही केली, फॉर्म सरकवला आणि बाहेर पडले.

दिवाळीला घरी गेले. बाबांचे गुडघे गेलेत. एक बदलून झाला, दुसरा करायचाय. सोफ्यावरून उठताना ते माझ्या हाताला धरतात. पहिल्याच संध्याकाळी मी म्हटलं, "पुढच्या उन्हाळ्यात जाऊ. आता सगळे कागद मी नीट करीन, मुंबईतून करू, सहा महिने आधी करू." ते म्हणाले, "नाही आता. तू पाहून आली, मले पोचलं." मी गप्प बसले. मीही त्यांचीच मुलगी.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा नवा पासपोर्ट बघायला मागितला. चष्मा लावला आणि यंत्राचं पुस्तक वाचावं तसं पहिल्या पानापासून वाचायला लागले. व्हिसाच्या पानावर थांबले. कागद उजेडात धरला.

"मंजू," ते म्हणाले, "हे सिंगल आहे."

मी त्यांच्या हातातून ओढूनच घेतला. होतं. एकदाच प्रवेश. फॉर्मवर दोन चौकोन असणार आणि मी, दिवसभर लोकांचे चौकोन तपासणारी, नॉर्वेच्या त्या खिडकीत तोंड भाजलेली, माझ्या स्वतःच्या घरी जाण्यासाठी 'एकदा'वर खूण करून आले होते. जेवढं लागतं तेवढंच. मला खूप राग आला आणि मग रडू आलं, आणि ह्या वेळी मी ते थांबवलं नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा बाबांसमोर रडले.

बाबांनी माझ्या हातातून पासपोर्ट घेतला, बंद केला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "मीच शिकवलं ना तुले," ते म्हणाले. "चुकीचं शिकवलं."

मी नाक पुसलं. "बाबा, पुढच्या उन्हाळ्यात येता का?"

"सांगितलं ना, नाही म्हणून."

"मी दुसऱ्यांदा विचारतेय."

टेबलाच्या खालच्या कप्प्यातली फाइल त्यांनी बोटानं दाखवली, म्हणजे मी ती काढून द्यावी. नाडी सोडली. सगळ्यात वरचं पान काढलं. चौदा उत्तरं, त्यांच्या अक्षरात. खाली पेननं एक ओळ लिहिली आणि कागद मला दिला. पंधरावा प्रश्न होता: 'दोन्ही गुडघे बदललेला माणूस स्कूटरवर मागे बसू शकतो काय? बेरितबाईंना विचारणे.'

बेरितला मी पत्र टाकलंय. उत्तर अजून आलेलं नाही. घर म्हणजे काय, असं मला इथे कोणी विचारलं तर पूर्वी मी त्रिमूर्तीनगरचा पत्ता सांगायचे. आता सांगते, जिथे जायला मला पुन्हा पुन्हा मागावं लागतं आणि मी मागत राहते, ते. ह्या डिसेंबरात मी भारताच्या व्हिसाचा नवा फॉर्म आणला आणि नासच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरला. 'अनेकदा'च्या चौकोनात खूण केली. पेन इतकं दाबलं गेलं की ती मागच्या पानावर उमटली.